डावी रेघ

या माणसाचं नाव मी वर्षानुवर्षं चुकीचं लिहीत आलो. क्रीडा पानावर काम करताना रात्री उशिरा इंग्रजी मजकूर यायचा, त्यातलं नाव जसं दिसेल तसं देवनागरीत उतरवायचं आणि पान सोडायचं, अशी ती घाई. १९९८ च्या जुलैत मी ‘जार्नी’ लिहिलं आणि तेच छापून आलं. क्रोएशियन भाषेत रोमन ‘जे’चा उच्चार ‘य’ होतो. तो यार्नी, रोबर्ट यार्नी. त्याचा क्लब हायदुक, गाव चाकोवेत्स, सोबती शुकर, बिलिच, श्टिमात्स. हे उच्चार दाखवायला इंग्रजीला तळटिपा लागतात, देवनागरीला एक अक्षर पुरतं. तरी आपण नावं इंग्रजीच्या चष्म्यातून वाचतो आणि बिघडवतो. या पुस्तकाच्या लेखकाने पहिल्या पानापासून ‘यार्नी’ लिहिलं आहे. हस्तलिखित हाती आलं तेव्हा आधी ते खटकलं, मग लाज वाटली, मग पुढे वाचायला घेतलं.

क्लबांची यादी एका दमात म्हणून टाकू. हायदुक स्प्लिट, बारी, तोरिनो, युव्हेंटस, रेआल बेतिस, कॉव्हेंट्री (फक्त कागदावर), रेआल माद्रिद, लास पाल्मास, पनाथिनाइकोस. खेळणं थांबल्यावर प्रशिक्षक म्हणून आणखी काही देश, आणि त्यांत चक्क गुवाहाटी. आपल्याकडे अशा माणसाला बारा गावचं पाणी प्यायलेला म्हणतात, आणि म्हणताना त्यात थोडं कौतुक असतं, थोडा संशय. हा कुठे टिकत नाही, असा तो संशय. मला मात्र हे पुस्तक वाचताना सतत वाटत राहिलं, की कुठल्या गावची विहीर कधी उघडी आणि कधी बंद हे या माणसाच्या हातात क्वचितच होतं. परदेशी खेळाडूंच्या जागांचे नियम बदलले, देश फुटला, बाजार वर गेला, आणि दर वेळी यार्नीला सामान बांधावं लागलं. बदलली नाही ती एकच गोष्ट. मैदानाच्या डाव्या रेघेला लागून असलेली दहा-पंधरा मीटर रुंदीची पट्टी.

त्या पट्टीवरचं काम काय असतं, ते आधी सांगायला हवं. त्याला बचावपटू म्हणायचं, पण त्याचं अर्धं काम हल्ल्याचं. मिरोस्लाव ब्लाझेविच हे क्रोएशियाचे प्रशिक्षक मागे तीन बचावपटू ठेवत आणि दोन्ही कडांना एकेक माणूस सोडत. उजवीकडे स्टानिच, डावीकडे यार्नी. चेंडू आपल्याकडे आला की या माणसाने प्रतिस्पर्ध्याच्या कॉर्नरपर्यंत धावायचं, आतल्या आघाडीवीरासाठी चेंडू टाकायचा, आणि तो हुकला की तेवढंच अंतर मागे पळायचं. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना धाव आठवेल. तोच उतार, तीच माती, बैलांनी खाली जायचं, मागे यायचं, पुन्हा खाली. पाणी पाटाने भलतीकडेच जातं. यार्नीने हे नव्वद-नव्वद मिनिटं, सोळा वर्षं केलं. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, म्हणून या कामातला परतीचा अर्धा भाग घरी बसून पाहणाऱ्याला कधी दिसतच नाही.

चाकोवेत्स हे गाव क्रोएशियाच्या उत्तर टोकाला, मुरा आणि द्रावा या दोन नद्यांच्या मधल्या सपाट मुलखात आहे. हंगेरीची सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर. समुद्राचा पत्ता नाही. २६ ऑक्टोबर १९६८ ला तिथे जन्मलेला हा मुलगा अठराव्या वर्षी थेट दक्षिणेला, एड्रियाटिकच्या काठावरच्या स्प्लिटला गेला. स्प्लिट म्हणजे हायदुक. ‘हायदुक’ म्हणजे तुर्की अमलाविरुद्ध डोंगरात राहून लढणारे पुंड, आणि त्या नावाचा हा क्लब १९११ साली प्रागमध्ये शिकणाऱ्या स्प्लिटच्या विद्यार्थ्यांनी एका बिअरच्या गुत्त्यात बसून काढला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल ज्याने पाहिला आहे, त्याला हायदुक म्हणजे काय हे फार समजावून सांगावं लागणार नाही. तिथे माणूस क्लब निवडत नाही, क्लबात जन्मतो. उत्तरेकडून आलेल्या परक्या पोराला त्या गावाने आपलं मानलं, आणि तोही पुढे त्याच गावाचा झाला.

पहिलं मोठं यश मात्र स्प्लिटला मिळालं नाही, ते मिळालं चिलीत. १९८७ ची युवा विश्वचषक स्पर्धा. युगोस्लाव्हियाचा तो संघ आज कागदावर वाचला तरी डोळे विस्फारतात. बोबान, शुकर, प्रोसिनेच्की, मियातोविच, श्टिमात्स, यार्नी. प्रशिक्षक मिर्को योझिच. अंतिम सामना २५ ऑक्टोबरला सान्तियागोत, पश्चिम जर्मनीविरुद्ध. बरोबरीनंतर पेनल्ट्यांवर युगोस्लाव्हिया जिंकला. दुसऱ्या दिवशी यार्नीला एकोणीस वर्षं पूर्ण झाली. लेखकाने या स्पर्धेला पंचवीस पानं दिली आहेत आणि ती मला जास्त वाटली नाहीत, कारण ही मुलं पुढे पुस्तकभर भेटत राहतात. कधी एकाच ड्रेसिंग रूममध्ये, कधी समोरासमोर. मियातोविच मॉन्टेनेग्रोचा, त्याचा देश वेगळा झाला, पण अकरा वर्षांनी माद्रिदमध्ये तो आणि यार्नी पुन्हा एकाच रंगात उतरले.

आता विहिरींचा हिशोब. युगोस्लाव्हियात एके काळी अठ्ठावीस वर्षं पूर्ण होईपर्यंत खेळाडूला परदेशी क्लबात जायला मनाई होती. घरचा माल तरुणपणी घरीच वापरायचा, असा तो समाजवादी विचार. त्यामुळे देशातल्या स्पर्धेचा दर्जा वर राहिला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हा नियम सैल झाला आणि नेमक्या त्याच वेळी देशही सैल झाला. १९९० च्या विश्वचषकात यार्नी युगोस्लाव्हियाच्या संघात होता. फ्लोरेन्समध्ये तो संघ उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाकडून पेनल्ट्यांवर हरला. अख्ख्या युगोस्लाव्हियाचा तो शेवटचा विश्वचषक.

८ मे १९९१ चा सामना या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे. मार्शल टिटो चषकाचा अंतिम सामना, बेलग्रेडमध्ये, हायदुक विरुद्ध रेड स्टार. आदल्या आठवड्यात बोरोवो सेलो या गावात बारा क्रोएशियन पोलीस मारले गेले होते. अशा वातावरणात स्प्लिटची अकरा मुलं सर्बियाच्या राजधानीत उतरली. श्टिमात्स आणि रेड स्टारचा मिहायलोविच यांची मैदानातच जुंपली, दोघेही बाहेर गेले, आणि बोक्शिचच्या एका गोलवर हायदुक जिंकला. टिटोच्या नावाचा तो चषक पुन्हा कधी कोणाला द्यायची वेळच आली नाही. तो स्प्लिटलाच राहिला. तीन आठवड्यांनी, २९ मे रोजी, हाच रेड स्टार युरोपचा विजेता झाला. त्या अंतिम सामन्याचं मैदान होतं इटलीतल्या बारी शहरातलं सान निकोला.

आणि यार्नीचा पहिला परदेशी क्लब? बारी. स्प्लिट आणि बारी हे एकाच समुद्राचे दोन काठ. २५ जून १९९१ ला क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, उन्हाळ्यात लढाई पेटली, आणि तो बावीस वर्षांचा मुलगा पलीकडच्या काठावर गेला. त्याच ऑगस्टमध्ये अल्बानियातून सुमारे वीस हजार माणसांनी खच्चून भरलेलं ‘व्ह्लोरा’ नावाचं जहाज बारीच्या बंदराला लागलं. त्या माणसांना तिथल्या जुन्या फुटबॉल मैदानात कोंडून ठेवलं गेलं आणि बहुतेकांना परत पाठवलं गेलं. लेखकाने हे दोन प्रवास शेजारी-शेजारी मांडले आहेत आणि पुढे काही भाष्य केलेलं नाही. ते बरं केलं. समुद्र तोच, गाव तेच. एकाला करार होता, वीस हजारांना नव्हता.

बारीत त्याच्यासोबत इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट होता, मिलानकडून उसना घेतलेला बोबान होता, मधल्या काळात पोलंडचा बोनिएक प्रशिक्षक म्हणून आला. एवढं असून संघ खालच्या श्रेणीत घसरला. घरी वुकोवारचा वेढा चालू, आणि इथे दर रविवारी हार. क्रोएशियाचा संघ फिफाच्या नकाशावर अजून यायचा होता, युगोस्लाव्हियाला १९९२ च्या युरो स्पर्धेतून बाहेर काढलं गेलं. सुमारे वर्षभर हा खेळाडू कुठल्याच देशाचा नव्हता. आपल्यापैकी ज्यांनी पासपोर्ट कार्यालयात एखाद्या कागदासाठी खेटे घातले आहेत त्यांनी ही कल्पना करून पाहावी.

पुढचं वर्ष बारीतच, खालच्या श्रेणीत. मग तोरिनो. १९९४ ला शहर तेच ठेवून रंग बदलले, गडद लालवरून काळ्या-पांढऱ्यावर, म्हणजे युव्हेंटसकडे. तोरिनोच्या प्रेक्षकाने हे कधी माफ केलं असेल असं मला वाटत नाही. पण युव्हेंटसमधली ती जागा कशी रिकामी झाली ते वाचलं की टाळ्या आणि शिव्या दोन्ही थांबतात. आंद्रेआ फोर्तुनातो हा युव्हेंटसचा तरुण लेफ्ट-बॅक. १९९४ च्या मे महिन्यात त्याला रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं. त्या हंगामात त्याच्या पट्टीवर धावायला जे आले त्यांत यार्नी एक. २५ एप्रिल १९९५ ला फोर्तुनातो गेला, तेवीस वर्षांचा. महिन्याभरात युव्हेंटस लीगचा विजेता झाला, नऊ वर्षांनी. मार्चेल्लो लिप्पी यांचं ते पहिलं वर्ष. देशांतर्गत चषकही मिळाला. यूएफा चषकाच्या अंतिम फेरीत पार्मा आडवा आला, एवढंच काय ते उणं.

एवढं जिंकूनही यार्नीला तिथे का राहता आलं नाही? उत्तर खेळात नाही, मोजणीत आहे. इटलीत तेव्हा एका सामन्यात तीनच परदेशी खेळाडू उतरवता येत. युव्हेंटसकडे चार होते. जर्मनीचा कोलर, पोर्तुगालचा पाउलो सोझा, फ्रान्सचा देशाँ आणि यार्नी. देशाँ दुखापतीतून उठला की कोणाला बसायचं हे सांगायला ज्योतिषी नको. १९९५ च्या उन्हाळ्यात यार्नी सेव्हियाच्या बेतिसकडे गेला. आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला युरोपीय न्यायालयाने बोस्मान खटल्याचा निकाल दिला. युरोपीय संघाच्या नागरिकांना आता ही ‘तीन परदेशी’ची अट लागणार नव्हती. जर्मन, पोर्तुगीज, फ्रेंच खेळाडू एका रात्रीत घरचे झाले. क्रोएशिया युरोपीय संघात आला १ जुलै २०१३ ला. म्हणजे यार्नीची खेळाडू म्हणूनची सगळी कारकीर्द संपून गेल्यावर. फाटक उघडलं, पण त्याच्या बाजूचं नाही. क्रोएशियन, ब्राझिलियन, आफ्रिकी खेळाडू उरलेल्या मोजक्या परदेशी जागांसाठी भांडत राहिले. हे प्रकरण वाचून मला त्याच्या क्लबांच्या यादीचा अर्थ पहिल्यांदा लागला.

बेतिसची तीन वर्षं मात्र सुखाची. या क्लबचं ब्रीद आंदालुसियाच्या बोलीत आहे: हरला तरी बेतिस चिरायू होवो. अशा क्लबात डाव्या पट्टीवर मर मर धावणाऱ्याला माया मिळणारच. उजवीकडे नायजेरियाचा फिनिदी जॉर्ज, डावीकडे यार्नी, मधे आल्फोन्सो. १९९६-९७ ला हा संघ स्पेनमध्ये चौथा आला. २८ जून १९९७ ला माद्रिदच्या बेर्नाबेऊवर राजाच्या चषकाचा अंतिम सामना बार्सिलोनाविरुद्ध झाला. बेतिसने दोनदा आघाडी घेतली, दोनदा गमावली, आणि जादा वेळेत फिगोने सामना नेला, ३-२. ब्रीद खरं करून दाखवायला एवढी घाई नको होती, असं मी तेव्हा बातमीच्या शेवटी लिहिलं होतं. वरिष्ठांनी ते कापलं. आता इथे छापून घेतो.

आता १९९८. ज्यांच्यासाठी हे पुस्तक विकलं जाणार त्या वाचकांना इथेच यायचं आहे, हे मला ठाऊक आहे. क्रोएशियाची लोकसंख्या आज चाळीस लाखांच्या आत आहे, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या निम्मीही नाही. सात वर्षांपूर्वी नकाशावर आलेला हा देश पहिलाच विश्वचषक खेळत होता. ४ जुलै, ल्यों. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले. समोर जर्मनी, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी मँचेस्टरला युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत याच संघाला २-१ ने घरी पाठवलं होतं. चाळिसाव्या मिनिटाला शुकरला पाडल्याबद्दल जर्मनीचा व्हॉर्न्स रेड कार्ड घेऊन गेला. मध्यंतराआधीच्या वाढीव वेळेत चेंडू डावीकडे यार्नीपाशी आला. त्याने पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरूनच डाव्या पायाने सखल, ताणलेला फटका मारला, आणि चेंडू गोलरक्षक क्योप्केला चुकवून लांबच्या खांबाकडून आत गेला. नंतर व्लाओविच आणि शुकरने आणखी एकेक गोल केला. ३-०.

क्रोएशियासाठी यार्नी ८१ सामने खेळला. तो निवृत्त झाला तेव्हा हा त्या देशाचा विक्रम होता. त्या ८१ सामन्यांत त्याने केलेला गोल हा एकच.

चार दिवसांनी उपांत्य फेरी. शुकरने क्रोएशियाला पुढे नेलं, आणि फ्रान्सच्या लिलियाँ थुरामने मिनिटाच्या आत बरोबरी करून पुढे दुसराही गोल केला. थुराम फ्रान्सचा राइट-बॅक. म्हणजे तो ज्या बाजूने वर आला ते यार्नीचं अंगण. पुढे थुराम फ्रान्ससाठी एकूण १४२ सामने खेळला आणि त्यात त्याचे गोल किती? तेच दोन, त्या एकाच संध्याकाळचे. म्हणजे पाहा, चार दिवसांच्या अंतराने जगाने दोन कडेच्या माणसांना क्रोएशिया आणि फ्रान्ससाठीच्या त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीतल्या एकाच सामन्यात गोल मारताना पाहिलं. एकाच्या गोलने जर्मनी गेली, दुसऱ्याच्या गोलांनी पहिल्याचं स्वप्न गेलं. या दोघांनाही मोट सोडून पाटाच्या पाण्यात पाय बुडवायची संधी एकदाच मिळाली. लेखकाने या योगायोगावर एकच परिच्छेद लिहिला आहे. माझ्या मते हे पुस्तकातलं सगळ्यात मोठं कंजूसपण.

तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात क्रोएशियाने नेदरलँड्सला २-१ ने हरवलं, शुकर सहा गोल करून स्पर्धेचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. सान्तियागोच्या त्या १९८७ च्या मुलांपैकी पाच जण या संघात होते. बोबान, शुकर, प्रोसिनेच्की, श्टिमात्स, यार्नी.

मग कॉव्हेंट्री. इथे माझं आणि लेखकाचं जमत नाही, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. इंग्लंडमधल्या या मध्यम क्लबने विश्वचषकानंतर सुमारे सव्वीस लाख पौंड मोजून बेतिसकडून यार्नीला घेतलं. प्रशिक्षक गॉर्डन स्ट्रॅकन. सह्या झाल्या. आणि हंगाम सुरू व्हायच्या सुमारास रेआल माद्रिदचं बोलावणं आलं. यार्नी कॉव्हेंट्रीच्या रंगात एक मिनिटही न खेळता, जास्त किमतीला, माद्रिदला गेला. लेखकाचं म्हणणं असं, की कॉव्हेंट्रीला काही आठवड्यांत नफा झाला, माद्रिदला खेळाडू मिळाला, त्याला युरोपचा विजेता क्लब मिळाला; मग तक्रार कोणाची? शिवाय, ते विचारतात, आयुष्यभर नियमांनी ज्याला ढकललं त्याने एकदा बाजाराला ढकललं तर बिघडलं काय? युक्तिवाद चांगला आहे. पण दिलेला शब्द हाही हिशोबातला आकडा असतो, आणि स्ट्रॅकन यांच्या जागी मी असतो तर नफ्याच्या पावतीने माझं समाधान झालं नसतं. बाकीच्या सगळ्या स्थलांतरांत मी यार्नीच्या बाजूचा आहे. या एका ठिकाणी नाही.

आणि गंमत अशी, की ज्या माद्रिदसाठी हे केलं तिथे डाव्या पट्टीवर आधीच एक माणूस उभा होता. रोबेर्तो कार्लोस. जगातला तेव्हाचा सर्वांत नावाजलेला लेफ्ट-बॅक. एकोणतिसाव्या वर्षी यार्नीला कळलं, की आयुष्यभर जपलेल्या त्या दहा-पंधरा मीटरवर दुसऱ्याचं नाव कोरलेलं आहे. तो थोडा पुढे खेळला, थोडा बदली म्हणून, बराच वेळ बाकावर. १ डिसेंबर १९९८ ला टोकियोत व्हास्को द गामाला २-१ हरवून माद्रिदने आंतरखंडीय चषक जिंकला, त्या संघात तो आणि मियातोविच दोघेही होते. वर्षभरात तो निघाला. मी पदकं मोजणाऱ्यांपैकी नाही, पण बेतिसचा विजेतेपद हुकलेला यार्नी मला माद्रिदच्या जगज्जेत्या यार्नीपेक्षा मोठा वाटतो.

पुढचा मुक्काम लास पाल्मास, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांवरचं शहर. तिथे प्रशिक्षक होते स्प्लिटमध्येच जन्मलेले सेर्गियो क्रेसिच. २००० साली संघ वरच्या श्रेणीत चढला. मग एक वर्ष अथेन्सला, पनाथिनाइकोसमध्ये, जर्मनीविरुद्धचा दुसरा गोल करणाऱ्या व्लाओविचसोबत. २००२ च्या विश्वचषकात तो क्रोएशियाकडून शेवटचं उतरला. इटलीला २-१ हरवूनही संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. तेव्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक कोण? मिर्को योझिच. चिलीत ज्यांच्या हाताखाली सुरुवात झाली त्यांच्याच हाताखाली शेवट. मधे पंधरा वर्षं आणि दोन देश.

प्रशिक्षक यार्नीवर पुस्तकात पाच प्रकरणं आहेत. दोन पुरली असती. त्याने हायदुक सांभाळला, इतरत्र कामं केली, पण खेळाडू म्हणून जे होतं ते बाकाजवळ उभं राहून कोणाला देता आलं असं दिसत नाही. डाव्या पायाची ती चाल आणि मागे पळायची ती तयारी शिकवता येते की नाही, मला शंका आहे. तरी आपल्यासाठी यातलं एक प्रकरण महत्त्वाचं आहे. २०१९ साली तो इंडियन सुपर लीगमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडचा प्रशिक्षक होऊन गुवाहाटीला आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात श्टिमात्स भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला होता. ५ सप्टेंबरला श्टिमात्सचा भारत गुवाहाटीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर ओमानकडून १-२ हरला. छेत्रीने आधी गोल करूनही. महिना-दीड महिन्याने त्याच स्टेडियमवर यार्नीच्या संघाचे घरचे सामने सुरू झाले. सान्तियागो, बेलग्रेड, ल्यों आणि मग गुवाहाटी. या दोघांच्या आयुष्याचा नकाशा काढायला बसलो तर ब्रह्मपुत्रेपाशी पेन्सिल थबकते.

त्या संघात घानाचा असामोआ ग्यान होता, पण दुखापतींनी त्याला फार खेळू दिलं नाही. डिसेंबरमध्ये आसामात नागरिकत्व कायद्याविरुद्ध आंदोलन पेटलं, संचारबंदी लागली, चेन्नईयिनविरुद्धचा घरचा सामना पुढे ढकलावा लागला. देश पेटलेला असताना सामना थांबणं यार्नीला नवीन नव्हतं, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं असेल का, कोण जाणे. जानेवारीत संघ फातोर्ड्याला गोव्याविरुद्ध खेळायला आला आणि हरला. मी प्रेक्षकांत होतो. माझ्या शेजारी बसलेल्या मडगावच्या गृहस्थांना मी सांगितलं, की तो तिथे उभा आहे त्याने जर्मनीला गोल मारला होता. ते म्हणाले, कोण, जार्नी? मी त्यांचा उच्चार दुरुस्त केला नाही. तोवर मलाच तो ठाऊक नव्हता.

फेब्रुवारी २०२० मध्ये क्लबने यार्नीला काढलं. त्याची जागा घेतली सहायक खालिद जमील यांनी. महिंद्र युनायटेडमधून खेळलेले, मुंबई एफसी आणि मग आयझॉलला घडवलेले जमील. २०२५ मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. यार्नी निघून गेल्यावर महिनाभरात करोनाने मैदानांना कुलपं लागली. त्या मोसमाचा अंतिम सामना १४ मार्चला फातोर्ड्यावर रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला.

लेखक माझ्या निम्म्या वयाचे आहेत आणि त्यांनी क्रोएशियन भाषा यासाठी मुद्दाम शिकून घेतली. मराठीत क्रिकेटवरच्या पुस्तकांनी कपाटं भरली आहेत. एखाद्या परक्या लेफ्ट-बॅकवर तीनशे पानं लिहायला वेगळी जिद्द लागते. भाषा साधी आहे, सामन्यांची वर्णनं अतिशयोक्त नाहीत, आकडे तपासून घेतलेले आहेत. नकाशे मात्र पुढच्या आवृत्तीत मोठे छापावेत, माझ्या चष्म्याला ते दिसत नाहीत.

कॉव्हेंट्रीचं प्रकरण वाचून कोणाची बाजू घ्यायची ते वाचकांनी ठरवावं. आणि हे पुस्तक कोणाला मोठ्याने वाचून दाखवणार असाल तर कृपा करून यार्नी म्हणा.